पंधरा की चोवीस

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचा आहे. सरासरी चाल म्हणजे कापलेलं एकूण अंतर भागिले लागलेला एकूण वेळ. हे वाक्य मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. माझा नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा ओरडतेस, ‘एकूण! अरे, एकूण!’ ओरडत असेन बाई. एवढ्या वर्षांत डोक्यात दुसरं काय साठणार? पण याच सूत्रापायी एका मुलीची शाळा सुटली, आणि ते गणित तपासलं होतं मी. उत्तर बरोबर होतं. आजही कुणी तपासावं, बरोबरच निघेल. चुकलं असतं तर कान पकडून केव्हाच मोकळी झाले असते.

आमची शाळा डोळखांबच्या रस्त्याला, मी राहते शहापुरात. सकाळच्या जीपमध्ये चौदा माणसं, त्यात मी दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर. गुडघ्यांनी पन्नाशीतच हात वर केलेत. पाच तास उभं राहून शिकवायचं, मग वह्या तपासायच्या, मग मोबाइलवर कुठली तरी माहिती भरायची, ती भरली की तीच माहिती दुसऱ्या तक्त्यात भरायची. मला कंटाळा आलाय हे मी कुणापासून लपवत नाही. मुलांपासूनही नाही. बाई कंटाळल्यात हे त्यांना माझ्या चपलेच्या आवाजावरून कळतं म्हणे.

त्या वर्षी नववीत एकोणचाळीस मुलं होती. मी फळ्यावर गणित लिहिलं: एक माणूस बारा किलोमीटर चालला. त्याला एकूण चार तास लागले. त्यात एक तास तो वाटेत बसला होता. तर त्याची सरासरी चाल किती? बारा भागिले चार, ताशी तीन किलोमीटर. इतकं सोपं. छत्तीस मुलांनी लिहिलं, ताशी चार. उरलेली तिघं गैरहजर होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसलेला तास सगळ्यांनी वजा करून टाकला होता. एकाने चूक करायची आणि बाकीच्यांनी ती उतरवायची, हे मला माहीत आहे, पण इथे तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत तीच चूक. मी विचारलं, “वजा करायला कुणी सांगितलं होतं? तुमच्या घरच्यांनी?”

दुसऱ्या बाकावरचा एक हात वर आला. हा हात कायमच वर असायचा. शाळेच्या बसच्या अगदी शेवटच्या थांब्यावर, रस्ता जिथे संपतो तिथल्या पाड्यावरची ही मुलगी. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, आणि शिक्षकाच्या डोळ्यात बघून बोलायची सवय. ती सवय मला कधी आवडायची, कधी नाही.

“म्याडम, विसावा टायमात धरत नाय.”

“मग कशात धरतात?”

“वाटंत.”

वर्गात कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांच्या माना हलल्या, आपल्या मनातलं कुणीतरी बोलल्यासारख्या. मी म्हटलं, जरा नीट सांग. तिने सांगितलं. त्यांच्याकडे डोक्यावर भारा घेऊन चढणारी माणसं वाटेत ठरलेल्या जागी टेकतात. तिथे छातीइतका उंच दगड असतो, म्हणजे भारा खाली न उतरवता तसाच त्यावर सरकवता येतो. ती जागा म्हणजे विसावा. आणि अंतर सांगायचं ते विसाव्यांत. अमुक गाव दोन विसाव्यांवर, तमुक गाव पाच विसाव्यांवर. “खालच्या गावातून आमच्या पाड्यावर तीन विसाव्यांची वाट हाय,” ती म्हणाली. “विसावा वाटंत मोजून झाला ना? मंग टायमात परत कशाला मोजायचा? दोनदा होईल ना, म्याडम.”

शहापुरात आमच्याकडे विसावा हा शब्द तिरडी खांद्यावरून घटकाभर खाली ठेवतात तेवढ्यापुरता उरलाय. माझ्या कानाला तो जरा विचित्रच लागला. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला आवडलं होतं. पण तास संपायला चार मिनिटं होती, धडा अर्धा राहिला होता, आणि छत्तीस मुलं परीक्षेत हीच चूक करणार हे समोर दिसत होतं. मी म्हटलं, “परीक्षेत विसावे विचारत नाहीत. प्रत्येकाने दहा वेळा लिहून आणायचं. एकूण वेळ म्हणजे एकूण वेळ.”

दुसऱ्या दिवशी तिने दहा वेळा लिहून आणलं. अक्षर नेहमीसारखंच टपोरं. प्रत्येक ओळीला आकडासुद्धा घातला होता.

ऑगस्टमध्ये संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. आमच्या संस्थेची एकच बस. ती सकाळी डोळखांबच्या अंगाच्या पाड्यांवरची मुलं गोळा करून आणते, मग लगेच मुरबाडच्या रस्त्याला जाते आणि तिकडची इंग्रजी माध्यमाची मुलं आणते. दुसऱ्या फेरीला रोज उशीर होतो म्हणून तिकडचे पालक तक्रार करत होते. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या. पहिल्या फेरीची सरासरी चाल काढून द्या. कशी, अगदी शास्त्रशुद्ध. मुलांकडूनच करून घ्या, त्यांचाही प्रकल्प होईल.”

बाहेर आले तर ऑफिसातल्या क्लार्कने हळूच सांगितलं, “वीसच्या खाली आली ना, तर शेवटचा टप्पा बंद करायचा घाटतंय.” तिथून दोनच तर मुलं येतात. ही मुलगी आणि तिचा चुलतभाऊ. दोन मुलांसाठी सहा किलोमीटर चढ चढायचा आणि उतरायचा.

म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं असं आता म्हणाले तर ते खोटं होईल. फक्त माझा त्यावर विश्वास बसला नव्हता. संस्थेत इतक्या गोष्टी घाटत असतात, त्यांतल्या दहातली एक होते. आणि मुलांना मी काही बोलले नाही. आकडा काढायच्या आधीच आकडा केवढा हवाय ते सांगितलं तर त्याला प्रयोग कसा म्हणायचं?

काम अर्थातच तिच्याकडे गेलं, कारण गाडी तिच्याच थांब्यावरून निघायची. ड्रायव्हरकडून किलोमीटरचा आकडा घ्यायचा, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहायची, प्रत्येक थांब्यावर किती थांबली ते लिहायचं. आठवडाभर तिने लिहिलं आणि मग दोन पानांचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. अठरा किलोमीटर. एक तास बारा मिनिटं. त्यांतली सत्तावीस मिनिटं नऊ थांब्यांवर गेलेली.

तक्त्यात मी न सांगितलेला एक रकाना होता. ‘का थांबली.’ त्यात लिहिलं होतं: वरून दोघं उतरताना दिसली. बारकीची चप्पल वढ्यात गेली, तिचा भाऊ शोधत होता. म्हातारी आजी औषध आणायला सांगत होती. कोण दिसलं नाय, पण हाक आली. परत: वरून एक जण दिसत होता.

आमचा ड्रायव्हर साठीला टेकलेला माणूस. डोंगरावरून पोर उतरताना दिसलं की तो गाडी हलवत नाही. हॉर्न देतो. वरचं पोर दप्तर डोक्यावर धरून हलवतं, म्हणजे आलो. मग तो बिडी काढतो. कुणी घाई केली तर म्हणतो, “दिसतंय ना? दिसतंय तवर थांबायचा.” हे त्याला संस्थेने शिकवलेलं नाही. या भागात सगळे तसंच करतात. वाटेवरचं माणूस नजरेत असलं तर त्याला टाकून पुढे जात नाहीत.

आणि तक्त्याच्या खाली तिने उत्तर काढलं होतं. अठरा भागिले पाऊण तास. ताशी चोवीस किलोमीटर.

मी कपाळावर हात मारला. “दहा वेळा लिहिलंस ना गं? काय लिहिलंस?”

“एकूण वेळ म्हणजे एकूण वेळ.”

“मग हे काय आहे?”

“म्याडम, गाडी काय हळू नाय. गाडी चालते तवा चोवीसनीच चालते. थांबते ती पोरांसाठी. ते गाडीच्या चालीत कसं धरणार?”

बरोबर प्रश्न होता तो. थांबे वगळून चाल काढतातच की, रेल्वेवालेही काढत असतील. मी दोन्ही आकडे लिहू शकले असते: एवढी थांब्यांसकट, एवढी थांबे सोडून. पण सकाळपासून चौथा तास, गुडघ्यात कळ, आणि समोर ही तेरा-चौदा वर्षांची पोर माझ्या डोळ्यात बघून माझंच सूत्र मला पुन्हा विचारतेय. माझं पित्त खवळलं. आणि आणखी एक होतं, तेही सांगून टाकते. हा कागद सेक्रेटरींच्या टेबलावर जाणार होता. विज्ञानाच्या बाईंना सरासरी चाल काढता येत नाही असं त्यांनी म्हटलेलं मला चाललं नसतं. मी लाल पेनने चोवीस खोडलं. ‘का थांबली’चा अख्खा रकाना खोडला, त्यावर लिहिलं, आवश्यक नाही. खाली लिहिलं, अठरा भागिले एक पूर्णांक दोन, ताशी पंधरा किलोमीटर. आणि सही केली.

ती म्हणाली, “बरं, म्याडम.” बाकावर जाऊन वहीत तिने चोवीसचे पंधरा केले. खोडरबराने, नीट.

सप्टेंबरच्या शेवटी नोटीस लागली. बस आता बारा किलोमीटरवरच्या गावातून सुटेल आणि तिथपर्यंतच जाईल. ते हिचं खालचं गाव. तिथून वर पाड्यापर्यंत सहा किलोमीटर, तीन विसावे. जीपवाले त्या रस्त्याला फिरकत नाहीत, चढावर गाडीची हाडं खिळखिळी होतात म्हणतात. चुलतभावाला मुरबाडला मामाकडे पाठवलं. मुलाला कुणीही ठेवून घेतं. मुलीला ठेवायचं म्हटलं की प्रत्येक घरात अडचण निघते. राहिली ही एकटी.

आठ दिवस तिचा बाप संध्याकाळी उतरून तिला न्यायला येत होता. भातकापणीचे दिवस, रोज दुपारी हातातलं काम टाकून यायचा आणि थांब्यावर उकिडवा बसून राहायचा. सकाळी ती एकटीच उतरायची. मी तिला वर्गात बघायची. पहिल्या तासाला पेंगायची, आणि हात वर करायची नाही. नवव्या दिवशी ती आली नाही. दहाव्या दिवशीही नाही. हजेरी घेताना तिच्या नावाशी पोचले की मी मुद्दाम मोठ्याने पुढचं नाव घ्यायची.

मी सेक्रेटरींकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता गेले. म्हटलं, “गाडी हळू नाहीये हो. थांबे सोडले तर चोवीस आहे.”

त्यांनी कपाटातून फाइल काढली. माझाच कागद, माझंच लाल पेन. “मॅडम, हे तुमचं ना? तुमचीच सही. मुलांचं चोवीस तुम्ही चूक म्हणून खोडलंय. मग आता काय, फिजिक्स बदललं का?”

कप्पाळ बदललं! फिजिक्स बदललं नव्हतं. पंधरा हेच उत्तर होतं. मी म्हटलं, “तुम्हाला हवं तर मी दुसरा कागद लिहून देते. तो आकडा बरोबर आहे, पण तो कारण होऊ शकत नाही.” ते हसले. वाईट माणूस नाही तो. चहा मागवला त्यांनी माझ्यासाठी. म्हणाले, “द्या की लिहून. मार्चच्या मीटिंगला ठेवू.”

मार्च. तिच्या घरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, भिवंडीच्या बाजूला. पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गेली दोन वर्षं ही मागे राहत होती, आजीपाशी, केवळ बस दारात येत होती म्हणून. बस नाही म्हणजे शाळा नाही, आणि शाळा नाही तर चौदा वर्षांची मुलगी मागे ठेवायची कशाला? दिवाळीला अकरा दिवस राहिले होते.

शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर मी त्याच बसमध्ये बसले आणि आताच्या शेवटच्या थांब्यावर, खालच्या गावात, उतरले. तिची आई तिथे आली होती, गिरणीत. डोक्यावर तांदळाच्या पिठाचं पोतं, वर मिठाची पिशवी, हातात तेलाचा कॅन. तिने मला ओळखलं. “चला, बाय,” एवढंच म्हणाली आणि चालू लागली. का आलात असं तिने विचारलं नाही.

मी चालताना घड्याळ बघते, खोड आहे ती. पहिल्या विसाव्याला पस्तीस मिनिटं लागली. मला लागली. तिला किती लागली असती कोण जाणे, कारण ती पुढे होती आणि दर वळणावर उभी होती. डोक्यावर ते ओझं तसंच. मी दिसले की पुढे चालायची, मागे पडले की उभी राहायची. मी धापा टाकत म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून.” ती म्हणाली, “असं कसं, बाय. दिसता ना तुमी.”

पहिला विसावा म्हणजे ऐनाच्या झाडाखालचा काळा दगड, माथा घासून गुळगुळीत झालेला. तिने मान जराशी वाकवून पोतं त्यावर सरकवलं, एवढ्या सहज की मला त्याचं वजनच खरं वाटेना. मी धाडकन खाली बसले. कढत वारा होता, खालच्या खाचरांत कापलेलं भात पसरलेलं होतं, आणि माझा गुडघा टम्म फुगला होता. दहा मिनिटं तिथेच टेकलो. माझ्या वर्गात मी फळ्यावर चालवलेला माणूस एक तास बसला होता. त्याच्या डोक्यावर काय होतं, हे मी कधी लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या विसाव्यापर्यंत माझा घड्याळ बघायचा उत्साह संपला होता.

घर अंगणापासून स्वच्छ सारवलेलं. एका बाजूला खळ्यावर भात झोडणं चालू होतं. मला बघून मुलगी आतून धावत आली, मग मध्येच थांबली आणि पाणी आणायला परत वळली. बापाने कांबळं टाकलं. हडकुळा, शांत माणूस. मी दम घेतला आणि सगळं बोलून टाकलं. मुलगी हुशार आहे. दहावी दीड वर्षावर आलीय. वसतिगृहाला अर्ज करू, पण आता वर्षाच्या मध्ये जागा नाही, जूनपर्यंत कसंही करून ओढा. मार्चला बसचं परत बघणार आहेत. बोलताना माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

तिला माझ्या घरी शहापूरला घेऊन जावं, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. तिन्ही विसाव्यांवर आलं. दोन खोल्यांचं घर, सासूबाई अंथरुणाला, मुलाचं लग्न तोंडावर. ओठांपर्यंत आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

बाप म्हणाला, “म्याडम, मी नाय बोललो नव्हतो. मी बोललो, सातच्या आत घरात येत आसंल तर जा. सातपातुर वाटंला माणसं आसतात, गुरंवाले आसतात. सातच्या फुडं कोण नाय. मागल्या टायमाला बिबट्या खालच्या वळणावर दिसला.” तो मुलीकडे वळला. “तूच दाव गो त्यांना तुजा हिसाब.”

तिने वही आणली. विज्ञानाचीच. मागचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. टपोरं अक्षर, समास सोडलेला.

बस थांब्यावर पोचते: साडेपाच. अंतर: सहा कि.मी. नुसतं चालायला: दीड तास. तीन विसावे: अर्धा तास. त्याखाली तिने आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं होतं. खोडरबराने, नीट, पण वाचता येत होतं. ‘घरी पोचते: सात.’ आणि त्याच्याखाली नव्याने: एकूण वेळ दोन तास. सरासरी चाल ताशी तीन कि.मी. घरी पोचते: साडेसात.

“आधी मी विसावा धरलाच नव्हता,” ती म्हणाली. “सात येत व्हते. बाबा हो बोललेले. मग रातच्याला मला आठवला, तुमी सांगलेलं, एकूण वेळ म्हणजे एकूण वेळ. मग सकाळी परत मांडून बाबाला दावलं.”

मी वहीकडे बघत राहिले. खळ्यावरचा झोडण्याचा आवाज थांबला होता, सगळे बहुतेक माझ्याकडे बघत होते.  सात म्हणाली असती तर कुणी तपासायला येणार नव्हतं. बापाला वाचता येत नाही, आणि वाटेत घड्याळ बघायची खोडही त्याला नाही. चार-आठ दिवसांनी अर्धा तास उशीर त्याच्या अंगवळणीही पडला असता. पण ज्या बाईने दहा वेळा लिहून घेतलं होतं, त्या बाईवर या पोरीचा विश्वास होता.

“बरोबर हाय ना, म्याडम?” ती विचारत होती. माझ्या डोळ्यात बघून. गणित बरोबर आहे का, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, “बरोबर आहे.”

“टिक करा ना मंग.”

पर्समध्ये लाल पेन होतं. ते नेहमीच असतं. मी टिक केली आणि खाली सही केली, सवयीने.

मग बापाशी पुन्हा बोलले मी. साडेसातचं काय एवढं, वाटेत कुणी सोबत बघू, पोलीस पाटलाला सांगू. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, “म्याडम, तुमी एवढ्या चढून आल्यात. लय झाला.” म्हणजे नाही. एवढ्या आदराने मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. निघताना तिच्या आईने वालाच्या शेंगा पिशवीत घातल्या. मी नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायला अंगात त्राणच नव्हतं.

ती मला पहिल्या विसाव्यापर्यंत पोचवायला आली, म्हणजे वरून पहिल्या. उतारावर माझा गुडघा जास्तच दुखतो, ती कोपराला धरून होती. वाटेत तिने मला पुढच्या धड्याचं विचारलं. कार्य आणि ऊर्जा. भट्टीवर वही नेईन म्हणाली. मी म्हटलं, ने. अडलं तर फोन कर. फोन बाबाकडे असतो, ती म्हणाली.

दगडाशी आल्यावर मी तिला परत जायला सांगितलं. ती “बरं, म्याडम” म्हणाली आणि दगडाला पाठ टेकून उभी राहिली.

मी उतरू लागले. पहिल्या वळणावर मागे पाहिलं, ती होती. दुसऱ्या वळणावर पाहिलं, होती. मी हात हलवला, जा म्हणून. तिने वही डोक्यावर धरून हलवली. बरंच खाली आल्यावर साग थोडे विरळ होतात आणि वरचा दगड पुन्हा एकदा दिसतो. तिथून मी पाहिलं तेव्हा रिबिनी काही दिसल्या नाहीत, पण दगडाशी कुणीतरी उभं होतं. मी दिसत होते ना अजून. तिला घरी पाठवायचं तर मला नजरेआड व्हायला हवं होतं, आणि खालच्या गावातून शेवटची जीप सहाला सुटते. मी चालत राहिले.